वरची मूठ

“आजींच्या बरोबर कोण आहे?”

विचारणाऱ्याचा आवाज काही चढलेला नव्हता. गळ्यात टाय लावलेला, दुकानाची व्यवस्था बघणारा तो तरुण होता आणि कुणाची तरी छत्री विसरून राहिली असावी तसं त्याने विचारलं होतं. दत्तात्रेय तेव्हा काउंटरच्या पलीकडे, पैसे भरून मोकळ्या झालेल्या माणसांच्या बाजूला उभा होता. त्याच्या पिशवीत साबण खाली, चहा त्यावर, पाव सगळ्यात वर, असं सगळं नीट बसलेलं होतं. बिल हातात होतं. दारावरच्या रखवालदाराने त्यावर शिक्का मारायचा तेवढा राहिला होता. प्रश्न त्याने ऐकला. मान वळवायला पुरेल इतका वेळही त्याच्यापाशी होता. आणि तो खाली वाकला. चपलेचा अंगठा निघालेला नव्हता, तरी त्याने अंगठ्याला हात लावला, उगाच दाबून पाहिला, आणि उठला तो दाराकडे तोंड करूनच. शिक्का बसला. रखवालदाराने काचेचं दार ढकलून धरलं, “या काका” म्हणाला, आणि दत्तात्रेय बाहेर उन्हात आला.

बाहेर एप्रिल होता. मारुती मंदिराच्या बाजूने आंब्याच्या पेट्या भरलेला एक टेम्पो चालला होता, त्यातून गवताच्या काड्या उडून रस्त्यावर पडत होत्या. दत्तात्रेय दुकानाच्या पायरीशी ठेवलेल्या कुंडीपाशी उभा राहिला. लग्नघरी ओळखीचं कुणी दिसत नाही तेव्हा माणूस मांडवाच्या खांबापाशी उभा राहतो, तसा. काचेतून आत दिसत होतं. यमुना, त्याची बायको, काउंटरपाशी उभी होती. तिच्यासमोर तुरीच्या डाळीची पिशवी होती. काउंटरवरच्या पोरीने ती काट्यावर ठेवली, उचलली, पुन्हा ठेवली. टायवाला काहीतरी म्हणाला. यमुनेने उजव्या हाताची मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. काय सांगत होती ते काचेबाहेर ऐकू येत नव्हतं, पण दत्तात्रेयला ऐकू यायची गरजच नव्हती. त्या मुठीचा अर्थ त्या दुकानात त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हता. मागच्या रांगेतली एक बाई मान लांब करून बघत होती. काचेला आतून चिकटवलेल्या एका सूचनेची पाठ त्याच्या तोंडासमोर होती, आणि उन्हाने कागद पारदर्शक होऊन त्यातली अक्षरं उलटी उमटली होती. आयुष्य वाचनालयात गेलेलं, अक्षरं उलटी असली म्हणून त्याचं अडत नसे. सुटा माल काउंटरवर पुन्हा तोलला जाईल. ही सूचना त्याने आज पहिल्यांदा वाचलेली नव्हती. मागच्या खेपेला वाचली होती, त्याच्या मागच्या खेपेलाही. आणि यमुना सूचना कधी वाचत नसे.

हे दुकान उघडलं तेव्हा गावात त्याची जत्राच झाली होती. आपल्या हाताने फळीवरून वस्तू घ्यायची, सुटा माल डब्यातून आपणच पिशवीत भरायचा, आपणच काट्यावर ठेवायचा, डाळ असेल तर डाळीचं बटण दाबायचं, मग यंत्राच्या तोंडातून जिभेसारखी चिठ्ठी बाहेर येते ती पिशवीला डकवायची आणि काउंटरवर जायचं. पुण्याहून फोनवर सलिल, त्यांचा मुलगा, म्हणाला होता, “बाबा, रत्नागिरीत पण आलं का असलं? आता तुमची चैन आहे.” मुलाने ते थट्टेने म्हटलं होतं, पण खरंच त्याची चैन झाली. उभ्या जन्मात दुकान ही गोष्ट दत्तात्रेयला कधी साधली नव्हती. रामआळीत भिकाजीशेटचं दुकान होतं, तिथे फळीला हात टेकून पुरुष-बाया उभ्या असत आणि ज्याचा आवाज मोठा त्याची पुडी आधी बांधली जाई. दत्तात्रेय कडेला उभा राहायचा. त्याच्यानंतर आलेली माणसं त्याच्या डोक्यावरून सामान घेऊन जायची. शेवटी भिकाजीशेटच चष्म्यावरून बघायचे, “काय मास्तर, तोंडात विडा आहे की काय? बोला की.” तो मास्तर नव्हता, वाचनालयात कारकून होता, पण हे दुरुस्त करायलाही तोंड उघडावं लागलं असतं. दुकानातली माणसं हसायची. त्यात वाईट असं काही नसायचं. पण जिरे आणायला गेलेला तो कैक वेळा मोहरी घेऊन परत आला होता, कारण भिकाजीशेटनी ऐकलं मोहरी आणि बांधायला घेतली, आणि ‘नाही हो, जिरे’ हे शब्द त्याच्या घशात आले तोवर पुडीला दोरा गुंडाळून झालेला होता. घरी यमुना पुडी उघडून बघायची, त्याच्याकडे बघायची, पदर खोचायची आणि पुडी बदलून आणायला स्वतः जायची.

एकूण बोलणं हे त्यांच्या संसारात तिच्या वाट्याला आलेलं काम होतं. कुणी वाटून दिलं नव्हतं, विहिरीवरच्या रहाटाला एक बाजू आपोआप जड असते तसं ते झालं होतं. मुलगी बघायला तो मालगुंडला गेला तेव्हा त्याच्या मामांनी विचारलं होतं, “काही विचारायचंय का मुलीला?” आणि तो पोह्यांच्या बशीकडे बघत राहिला होता. मग तीच म्हणाली होती, “मला गोष्टीची पुस्तकं आवडतात. तुमच्या वाचनालयात बायकांना येऊ देतात ना?” सगळे हसले, आणि लग्न ठरलं. पुढे घरमालकाशी ती बोलली, सलिलच्या शाळेत ती बोलली, डॉक्टरांना “यांच्या पोटात दुखतंय” हेही तीच सांगायची आणि कुठे दुखतं ते आपल्या पोटावर हात ठेवून दाखवायची. एकदा गणपतीपुळ्याहून येताना एसटीत कंडक्टरने त्याला जागेवरून उठवलं, राखीव जागा आहे म्हणाला, ती नव्हती, पण दत्तात्रेय उठला आणि दांडी धरून उभा राहिला. यमुना मागच्या बाकावरून म्हणाली, “कुठे लिहिलंय राखीव? वाचून दाखवा. आमच्याकडे वाचणारा माणूस आहे, पण तो उभा आहे.” सगळी गाडी हसली. कंडक्टरही हसला. तो पुन्हा बसला तेव्हा त्याचे कान तापलेले होते, आणि त्या तापण्यात लाज किती आणि तिच्याविषयी काही दुसरं किती, ते त्याला तेव्हाही कळलं नव्हतं.

नव्या दुकानात मात्र कुणाशी काही बोलावंच लागत नव्हतं. पहिल्यांदा तो नुसता हिंडला. दुसऱ्यांदा त्याने बटणांवरची चित्रं पाठ केली. पुढे पुढे त्याचा हात असा बसला की त्याला स्वतःचाच अचंबा वाटे. पिशवीचं तोंड कसं फुंकायचं, चिठ्ठी पिशवीच्या कोणत्या अंगाला डकवली म्हणजे काउंटरवरच्या पोरीला ती फिरवून बघावी लागत नाही, जड वस्तू आधी सरकवायच्या, काळ्या रेघांचा चौकोन वरच्या बाजूला ठेवायचा, पैसे आधीच काढून धरायचे. यंत्राने ट्यँक ट्यँक करत त्याच्या वस्तू एकामागून एक मान्य केल्या की त्याला परीक्षेत उत्तरं बरोबर येत असल्यासारखं वाटे. काउंटरवरच्या पोरीच्या छातीवर मृणाली असं नाव लावलेलं होतं. मिरजोळ्याहून सायकलने यायची ती. एकदा ती शेजारच्या पोरीला म्हणाली, “ह्या काकांसारखी सगळी माणसं असती तर आपण पाच वाजता घरी गेलो असतो बघ.” दत्तात्रेय त्या दिवशी रिक्षा न करता चालत घरी गेला होता. त्याच्या चांगल्या अक्षराचं कौतुक झालं होतं एकदा, त्यानंतर हेच.

ह्याच आनंदात तो यमुनेला घेऊन आला. तिला यायचं नव्हतं. “भिकाजीशेटचं दुकान काय वाईट आहे? बोलायला माणूस आहे तिथे,” असं ती म्हणाली होती. त्याने तिला नेलं, डबे दाखवले, काटा दाखवला, बटण दाबून दाखवलं. चिठ्ठी आली तेव्हा त्याने तिच्याकडे पाहिलं. आपण केलेलं काहीतरी तिला दाखवायची त्याच्या आयुष्यात ती पहिलीच वेळ असावी. ती हसली. “झालं एवढ्यात?” म्हणाली. मग तिने पिशवी काट्यावरून उचलली, तिचं तोंड उघडलं, डब्यात हात घालून एक मूठ डाळ काढली आणि पिशवीत घातली.

“अगं, हे काय?”

“वरची मूठ.”

“ती घालायची नसते इथे.”

“का? द्यायला माणूस नाही त्यांच्याकडे, म्हणून आपणच घालून घ्यायची. तोललेलं नुसतं कसं न्यायचं घरी? अन्न आहे ते.”

तिच्या माहेरी असंच होतं. भाताची मळणी झाली की तिचे वडील कुळांना, गडीमाणसांना, सुताराला माप घालायचे. माप शिगेपर्यंत भरायचं, आणि ते ओतून झाल्यावर मोकळ्या हाताने वर एक मूठ टाकायची. मापाने दिलेलं मापाचं, मुठीने दिलेलं माणसाचं, असं ते म्हणत. यमुना लग्न होऊन आली ती हे घेऊनच आली. शेजारणीची वाटीभर साखर परत करताना ती वाटी भरून वर चिमूट टाकायची, दळण देताना गिरणीवाल्याच्या पोराच्या हातावर दाणे ठेवायची. भिकाजीशेट तागडी उतरवली की न सांगता मूठ टाकायचे, आणि एखाद वेळी विसरले तर ती नुसती पिशवीचं तोंड उघडं धरून उभी राहायची. “टाकतोय हो माई, पळून नाय जात,” ते म्हणायचे. भाजीवाली तुळसाही काकड्या तोलून झाल्यावर चार मिरच्या टाकायची. ती त्यांच्यातली भाषा होती. आणि त्या गुळगुळीत फरशीच्या दुकानात, जिथे कुणी कुणाशी बोलत नव्हतं, तिथे यमुना ती भाषा एकटीच बोलत होती. दत्तात्रेयने पाहिलं होतं, की डब्यातून चार दाणे फरशीवर सांडले तर ती कंबर वाकवून ते वेचायची आणि परत डब्यात टाकायची. दुकानाचं आहे ते, म्हणायची.

त्याने तिला समजावून सांगायला हवं होतं. सूचना लागली त्याच दिवशी. नुसतं एवढंच, की हे दुकान भिकाजीशेटचं नाही, इथे चिठ्ठीवर लिहिलंय तेवढंच आपलं, वरचं ते— आणि इथे येऊन त्याचं मन नेहमी थांबे. वरच्याला शब्द एकच होता. तो शब्द आणि यमुना एका वाक्यात ठेवायचे म्हणजे त्याला कसंसंच होई. म्हणून मी बोललो नाही, कुंडीपाशी उभा राहून त्याने स्वतःला सांगितलं, तिला लागेल म्हणून बोललो नाही. पण उन्हात उभ्या माणसाला स्वतःशी फार वेळ खोटं बोलता येत नाही. तिला घेऊन यायला लागल्यापासून त्याची सगळी सफाई गेली होती. ती प्रत्येक डब्याचं झाकण उघडायची, तांदळाचे दोन दाणे दाताखाली धरून बघायची, चिठ्ठी कुठेही डकवायची, मृणालीला “जेवलीस का गं?” विचारायची, आणि मागे रांग वाढायची. माणसं उसासे टाकायची. ते उसासे यमुनेला ऐकूच येत नसत, ते सगळे दत्तात्रेयच्या मानेवर पडायचे. मग त्याने निराळी टोपली घ्यायला सुरुवात केली. तू डाळ-तांदूळ बघ, मी बाकीचं बघतो, म्हणजे लवकर होईल. लवकर होई ते त्याचं. तो पुढे जाऊन पलीकडे उभा राही, आणि तिथून बघितलं की रांगेत खोळंबा करणारी ती म्हातारी कुणाचीही असू शकत असे. सूचना वाचली तेव्हा त्याच्या मनात आलं होतं, केव्हातरी हे लोक तिला सांगतील. आपल्याला सांगावं लागणार नाही. हे इतकं स्पष्ट आलं होतं की ते आठवून आता त्याच्या तळहाताला घाम फुटला.

टायवाल्याने पिशवीतली वरची मूठ डब्यात टाकून पिशवी परत आणली. मृणालीने नवी चिठ्ठी डकवली. यमुनेने पदराच्या टोकातून पैसे काढले, मोजून दिले, मृणालीला काहीतरी म्हणाली. मृणाली खाली बघत होती. मग दार उघडलं आणि आतल्या गार हवेबरोबर यमुना पायरीवर आली. तिने डोक्यावरून पदर नीट केला, ऊन बघितलं आणि म्हणाली, “चला. रिक्षा बघताय ना?”

रिक्षात तिने पिशवी मांडीवर धरली होती. दत्तात्रेय वाट बघत होता. काय मेला माजलेला आहे तो टायवाला, असं ती म्हणेल, मग आपण म्हणू, काय झालं? आणि ती सांगेल, आणि आपल्याला आश्चर्य करता येईल. आश्चर्याचा चेहरा त्याने तयारसुद्धा ठेवला होता. ती रस्त्याकडे बघत बसली होती. वळणावर तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला आणि पुन्हा सुटला. सोसायटीच्या फाटकाशी रिक्षावाल्याने सुट्ट्यांवरून कटकट केली, तेव्हाही नेहमीप्रमाणे तीच बोलली, हसून बोलली, आणि दत्तात्रेयला वाटलं, तिला कळलेलं नाही. ती पाठमोरी होती, गडबडीत होती, मी तेव्हाच बाहेर पडलो असं तिला वाटलं असेल. संध्याकाळपर्यंत हे त्याला पटलं. जेवताना तिने आमटी वाढली, आणि वाढताना पळी वाटीच्या काठाशी थांबली. एरवी वाटी भरली तरी वर एक थेंब ओतणारा तिचा हात त्या दिवशी काठाशी थांबला आणि मागे गेला. बस्स, एवढंच. तो खाली मान घालून जेवला.

त्यानंतर ते थांबणं त्याला घरभर दिसायला लागलं. तुळशीला पाणी घालताना तिचा तांब्या जरा आधीच सरळ होतो असं वाटे. शेजारच्या आर्याला लाडू देताना तिने एक दिला, दुसरा उचलला आणि डब्यात ठेवला, की तो आपल्याला भास झाला? तिचं बोलणं, हसणं, वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावणं, सगळं पहिल्यासारखं होतं. तो तिच्या चेहऱ्याकडे बघे आणि पुस्तक वर धरी. पुस्तकाच्या आड बसून त्याने वाक्य जुळवायला घेतलं. यमुने, त्या दिवशी त्याने विचारलं तेव्हा मी ऐकलं होतं. साधं वाक्य होतं. त्यात कठीण शब्द एकही नव्हता. ते तो न्हाणीघरात म्हणून बघायचा, पाण्याचा नळ सोडून. पण बाहेर आला की ती दारात पंचा घेऊन उभी असायची आणि म्हणायची, “किती वेळ हो? आमटी गार झाली.” बोलायची गोष्ट आली की ती बोलते आणि तो बोलत नाही, हे इतक्या वर्षांनी मुरलेलं होतं, की तिच्याशी बोलायच्या ह्या गोष्टीतही ती मधे उभी राहून त्याच्यासाठी बोलेल अशी एक लाचार आशा त्याला वाटत राहिली.

डाळ संपत आली तेव्हा ती म्हणाली, “तुम्हीच जाऊन या. एकटे गेलात की तुमचं पटकन होतं.” ह्या वाक्यात त्याने तिरकसपणा शोधला. सापडला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

दुकान नेहमीसारखं गार होतं. दत्तात्रेयने डाळीच्या डब्याचं झाकण उघडलं, पिशवी फुंकली, डाळ भरली, काट्यावर ठेवली, बटण दाबलं, चिठ्ठी घेतली आणि जागेवर डकवली. हे सगळं हातांनी आपापसात केलं. मग त्याने आजूबाजूला पाहिलं नाही. पिशवीचं तोंड सोडलं, डब्यात हात घातला. डाळ गार होती आणि तिचा हळदीसारखा एक कोरडा वास होता. त्याने मूठ भरली, चांगली गच्च, आणि पिशवीत सोडली. काही दाणे खाली सांडले. ते वेचायला तो वाकला, आणि वाकताना त्याला चपलेचा अंगठा दिसला.

रांगेत त्याच्यापुढे दोघंच होते. आपल्याला काय हवंय ते त्याला आता ठाऊक होतं. मृणालीने पिशवी काट्यावर ठेवावी, वजन जुळू नये, टायवाला यावा, सगळ्यांनी वळून बघावं, आणि त्याने विचारावं, काकांच्या बरोबर कोण आहे? आणि कुणी नसावं. ह्याहून थोडक्यात सुटका नव्हती. त्याची पाळी आली. मृणालीने पिशवी उचलली, चिठ्ठी यंत्रासमोर धरली, ट्यँक, आणि पिशवी पुढे सरकवली.

“तोलायची नाही?” दत्तात्रेय म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

“तुमची कसली तोलायची काका! तुमचं कधी चुकलंय?”

“तोलून बघ.”

“राहू दे हो. मागे माणसं खोळंबल्येत.”

पैसे त्याने हातात धरलेले होते. ते पुढे करायचे आणि निघायचं, एवढंच करायचं होतं, आणि शरीर ते करायला निघालंसुद्धा होतं. त्याने काउंटरची कड धरली.

“त्या दिवशीच्या आजी,” तो म्हणाला. “डाळीच्या. त्या माझ्याबरोबर होत्या.”

मृणालीने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. उलट ती जराशी अवघडली आणि तिने आवाज उतरवला.

“माहित्ये मला, काका. आजींनीच सांगितलंनी. साहेब विचारत होते ना बरोबर कोण आहे म्हणून, तर त्या म्हणाल्या, ते काय, चप्पल नीट करतायत ना, ते आमचे. पण त्यांना हाक मारू नका. चार माणसांत त्यांना बोलायला सुधरत नाही, उगाच घाबरे होतील. काय बोलायचं ते मला बोला.” मग ती थोडं हसली, त्याला बरं वाटावं म्हणून. “आणि जाताना मला म्हणाल्या, ते आले तर त्यांना काही म्हणू नकोस हो. चुकलंच माझं, तुमच्यासमोर बोलायचं नव्हतं. बऱ्या आहेत ना आजी?”

“अहो काका, सरका ना पुढे,” मागून कुणीतरी म्हणालं.

तो सरकला. बिलावर शिक्का बसला. रखवालदार “या काका” म्हणाला. कुंडीपाशी तो थांबला नाही. रिक्षाही केली नाही, चालत निघाला, डाळीची पिशवी छातीशी धरून. चप्पल नीट करतायत ना, ते. तिने तिथून पाहिलं होतं. त्याचं वाकणं, अंगठा दाबणं, दाराकडे तोंड करून उठणं, सगळं. आणि ते बघत असतानाच, मूठ उघडून दाखवायच्या आधी, सगळ्यांच्या देखत चोर ठरायच्या आधी, तिने त्याच्यासाठी बोलून घेतलं होतं. तो बाहेर उभा राहून तिला काचेतून बघत होता तेव्हा त्याची कड घेऊन झालेली होती. मग उन्हात पायरीवर येऊन, रिक्षा बघताय ना. एक वाक्य त्याने इतके दिवस जुळवलं होतं, त्यातला एकही शब्द आता तिला नवा असणार नव्हता. तरी ते म्हणायला हवं, तिच्यासाठी नव्हे, असं त्याने वाटेत ठरवलं. प्रत्येक विजेच्या खांबापाशी त्याने ते म्हणून पाहिलं.

यमुना स्वयंपाकघरात डबा पुसून बसली होती. तिने पिशवी घेतली, डाळ डब्यात ओतायला लागली आणि मधेच थांबली. पिशवी तळहातावर घेऊन तिने हात खाली-वर केला.

“ही जास्त आहे.”

“हो.”

“तुम्ही घातलीत?”

“हो.”

“आणि त्यांनी तोललीन् नाही?”

“नाही.”

“तुमच्या तोंडाकडे बघून सोडलंनी,” ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. ते जरा टिकलं, मग उतरलं. तिने डब्यात हात घातला आणि एक मूठ काढली. “ही परत नेऊन टाका त्यांच्या डब्यात. नाही घालायची म्हणाले ना मला तोंडावर, मग नाही घालायची. आपल्याला नको ती.”

“यमुने,” तो म्हणाला. “त्या दिवशी त्याने विचारलं तेव्हा मी—”

“हात पुढे करा.”

त्याने हात पुढे केला. तिने आपली मूठ त्याच्या तळहातावर रिकामी केली आणि त्याची बोटं एकेक करून वरून मिटली, लहान मुलाच्या हातावर खाऊ ठेवून मिटतात तशी.

“पुढच्या खेपेला मी येईन बरोबर,” ती म्हणाली. “फक्त तुम्ही पुढे होऊ नका. मागे राहा माझ्या.” आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. “धरून ठेवा तेवढी. पुडी बांधायला कागद बघते.”

ती बाहेरच्या खोलीत गेली. जुनी वर्तमानपत्रं चाळल्याचा आवाज येऊ लागला. दत्तात्रेय ओट्यापाशी उभा होता. डाळ त्याच्या मुठीत ऊन होत चालली होती, दाणे घामाने तळहाताला चिकटत होते. मूठ सैल केली तर सांडणार होते आणि आवळली तर रुतत होते. वाक्य अर्धं झालेलं होतं. उरलेलं अर्धं अजून त्याच्याच तोंडात होतं.

“सांडू नका हो,” ती बाहेरून म्हणाली.

“नाही,” दत्तात्रेय म्हणाला.